विसरभोळेपणा मेंदूचा की लिव्हरचा? एका मिनिटाच्या टेस्टमधून काय कळतं

घरातली मोठी व्यक्ती हळूहळू बदलायला लागते. दुकानात सुट्टे पैसे मोजताना गोंधळ होतो. दुपारी गाढ झोप आणि रात्री टक्क जाग. बोलणं नेहमीसारखंच, जुन्या आठवणीही शाबूत, पण एखादं साधं काम हातात घेतलं की मध्येच काहीतरी निसटतं. घरचे म्हणतात, वय झालं. शेजारचे म्हणतात, डिमेन्शिया असेल, दाखवून घ्या.

बऱ्याचदा ते खरंही असतं. पण काही जणांच्या बाबतीत बिघाडाची सुरुवात डोक्यात झालेली नसते. ती उजव्या बरगड्यांच्या खाली, लिव्हरमध्ये झालेली असते. यातली महत्त्वाची गोष्ट म्हणजे डिमेन्शिया सहसा मागे फिरत नाही, पण लिव्हरमुळे मेंदूवर झालेला परिणाम उपचारांनी बऱ्याच अंशी कमी करता येतो.

हा विषय चर्चेत आला तो जानेवारी २०२४ मध्ये. अमेरिकेतल्या 'जामा नेटवर्क ओपन' या जर्नलमध्ये माजी सैनिकांवरचा एक अभ्यास आला. डॉ. जसमोहन बजाज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ ते २०१९ या काळातले डिमेन्शियाचं निदान झालेल्या १,७७,४२२ माजी सैनिकांचे रेकॉर्ड तपासले. यातल्या कुणाच्याही फाईलमध्ये लिव्हर सिरॉसिसची नोंद नव्हती. मात्र त्यांच्या जुन्या ब्लड रिपोर्टमधल्या आकड्यांवरून एक स्कोअर काढला, तेव्हा १०.३ टक्के लोकांच्या लिव्हरला मोठी इजा झाली असावी असं दिसलं. जास्त कडक निकष लावला तरी ५.३ टक्के लोक त्यात बसत होते.

म्हणजे डिमेन्शियाचा शिक्का बसलेल्या साधारण दहातल्या एका माणसाचं लिव्हर बिघडलेलं असण्याची शक्यता होती आणि त्याच्या फाईलवर लिव्हरचं नावही नव्हतं.

याचा अर्थ या सगळ्यांचा डिमेन्शिया खोटा होता, असा अजिबात नाही. अभ्यासातले बहुतेक सगळे पुरुष होते, तेही वयस्कर. शिवाय जो स्कोअर वापरला त्याची एक खोट आहे, ती पुढे येईलच. पण डॉक्टरांनी विचारायचा एक प्रश्न राहून जातोय, इतकं या अभ्यासातून नक्की कळलं.

लिव्हर आणि मेंदूचा संबंध काय?

आपण खाल्लेलं प्रोटीन आतड्यात पचतं, तेव्हा तिथले बॅक्टेरिया अमोनिया तयार करतात. हा अमोनिया आतड्यातून रक्तात जातो आणि पोर्टल व्हेन नावाच्या मोठ्या रक्तवाहिनीतून थेट लिव्हरमध्ये पोचतो. लिव्हर त्याचं युरिया करतं, किडनी तो युरिया लघवीतून बाहेर टाकते. निरोगी माणसाला या सगळ्याचा पत्ताही लागत नाही.

सिरॉसिसमध्ये लिव्हरचा मऊ भाग जाऊन तिथे कडक व्रण तयार होतात. दारू हे त्याचं सगळ्यांना माहीत असलेलं कारण. पण हिपॅटायटिस बी आणि सी, आणि लठ्ठपणा-डायबिटीससोबत येणारं फॅटी लिव्हर ही कारणंही तितकीच खरी आहेत. आयुष्यात दारूच्या थेंबाला न शिवलेल्या बाईलाही सिरॉसिस होऊ शकतो. हे अनेक घरांमध्ये लवकर पटत नाही आणि निदान लांबतं.

लिव्हर कडक झालं की दोन गोष्टी एकदम घडतात. अमोनिया साफ करायची ताकद कमी होते. आणि रक्ताला लिव्हरमधून जायला अडथळा आल्यामुळे ते आजूबाजूच्या छोट्या वाटांनी लिव्हरला बायपास करून पुढे निघून जातं. न गाळलेलं रक्त मेंदूपर्यंत पोचतं. तिथे ॲस्ट्रोसाइट नावाच्या पेशी अमोनिया शोषून त्याचं ग्लुटामिन करतात. ग्लुटामिन साठलं की पेशी पाणी ओढतात आणि फुगतात. शरीरात इन्फेक्शन किंवा सूज असेल तर हा परिणाम आणखी वाढतो.

हे खूप वाढलं की कुणाच्याही लक्षात येतं. माणूस वार विसरतो, घरच्यांना ओळखत नाही, असंबद्ध बोलतो. हात पुढे करून मनगटं वर उचलायला सांगितली की पंजे पंख फडफडल्यासारखे हलतात. पुढे पेशंट बेशुद्धही होतो. याला म्हणतात हिपॅटिक एन्सेफॅलोपॅथी.

पण त्याच्या आधी एक टप्पा असतो, जिथे वरवर काहीच दिसत नाही. पेशंट स्वतः चालत ओपीडीत येतो, नाव-गाव-तारीख नीट सांगतो, डॉक्टरांशी राजकारणावर दोन वाक्यं बोलतो आणि घरी जातो. डॉक्टरी भाषेत या टप्प्याला 'मिनिमल' किंवा 'कोव्हर्ट', म्हणजे झाकलेली एन्सेफॅलोपॅथी म्हणतात. भाषा आणि जुनी स्मृती टिकून असते. आधी ढासळतं ते लक्ष. एका गोष्टीवर मन टिकवणं, नको त्या गोष्टीकडे दुर्लक्ष करणं, पटकन निर्णय घेणं. म्हणून नेहमीच्या गप्पांमध्ये हा आजार सापडत नाही. डिमेन्शियासाठीच्या साध्या प्रश्नावलीतही तो निसटू शकतो.

सिरॉसिसच्या किती पेशंटना हा झाकलेला त्रास असतो? अमेरिकन आणि युरोपियन लिव्हर संघटनांच्या २०१४ च्या संयुक्त मार्गदर्शक सूचनांमध्ये आकडा आहे २० ते ८० टक्के. इतका मोठा फरक बघून हसू येईल, पण त्यामागे कारण आहे. कुणाची तपासणी केली आणि कोणती टेस्ट लावली, यावर उत्तर बदलतं. कमीत कमी आकडा धरला तरी दर पाच पेशंटमागे एक.

मग पकडायचं कसं?

रक्तातला अमोनिया मोजला की झालं, असं वाटू शकतं. पण ते इतकं सोपं नाही. सॅम्पल बर्फात ठेवून लगेच लॅबमध्ये नेलं नाही तर आकडा उगाच वाढतो. शिवाय अमोनिया जास्त असूनही काही जण एकदम ठीक असतात. त्यामुळे नुसता वाढलेला अमोनिया बघून निदान करत नाहीत. नॉर्मल आला, तर मात्र दुसरं काही कारण आहे का, ते बघायला हवं. साध्या एमआरआयमधूनही या टप्प्याचं ठाम उत्तर मिळत नाही.

उरतो तो एकच मार्ग, पेशंटला प्रत्यक्ष लक्ष द्यायला लावायचं आणि वेळ मोजायचा.

१९३५ मध्ये जॉन रिडली स्ट्रूप या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने एक प्रयोग प्रसिद्ध केला. समजा, 'लाल' हा शब्द हिरव्या शाईत लिहिलाय आणि तुम्हाला शब्द वाचायचा नाही, शाईचा रंग सांगायचाय. जीभ अडखळते. कारण वाचता येणारा मेंदू आपोआप शब्द वाचतो, त्याला आवरून रंगाकडे बघायला जास्त कष्ट पडतात. हे आवरणं म्हणजेच लक्षावरचा ताबा.

जवळपास ऐंशी वर्षांनी, २०१३ मध्ये, वर आलेल्या त्याच डॉ. बजाज यांच्या व्हर्जिनिया कॉमनवेल्थ युनिव्हर्सिटीतल्या टीमने हाच प्रयोग फोनवर आणला. ॲपचं नाव 'एन्सेफॅलॲप स्ट्रूप'. पहिल्या भागात स्क्रीनवर लाल, हिरव्या किंवा निळ्या रंगातली नुसती खूण येते आणि खाली योग्य रंगावर बोट ठेवायचं असतं. एका फेरीत अशा दहा खुणा. चूक झाली की फेरी पुन्हा पहिल्यापासून. अशा पाच बिनचूक फेऱ्या लागतात. दुसऱ्या भागात खुणांच्या जागी दिशाभूल करणारे शब्द येतात, म्हणजे रंगाचं नाव एक आणि शाई दुसरीच. तिथेही पाच बिनचूक फेऱ्या. दोन्ही भागांचा वेळ मिळून जो आकडा येतो, तो निकाल. एका अभ्यासात १९० सेकंदांच्या वर वेळ लागला तर संशय घ्यावा असं निघालं होतं. नंतर वय, शिक्षण आणि पुरुष की स्त्री हे बघून आकडे ठरवायला सुरुवात झाली, आणि तेच रास्त आहे. सत्तरीतल्या आजीला आणि पंचविशीतल्या मोबाईल गेमरला एकच मोजपट्टी लावून चालणार नाही.

यातून पुढे एक मजेशीर गोष्ट समोर आली. सगळी टेस्ट घ्यायची गरजच नाही, पहिल्या सोप्या भागातल्या दोनच फेऱ्या पुरतात, असं याच गटाने नंतर दाखवलं. त्याला नाव दिलं 'क्विकस्ट्रूप'. वेळ एक मिनिटाच्या आसपास. फसवणारे शब्द येण्याआधीच, साधा रंग ओळखून बोट ठेवतानाच मेंदूचा मंदपणा दिसून येतो.

याच्या आधीपासून चालत आलेली टेस्ट जर्मनीतली आहे. कागद-पेन्सिलच्या पाच कामांचा तो संच आहे. एकात १ ते २५ आकडे पानभर विखुरलेले असतात, ते क्रमाने रेषेने जोडायचे. दुसऱ्यात आकडे आणि अक्षरं आलटून पालटून. मग ठरलेल्या खुणा भरणं, वर्तुळांत ठिपके देणं, दोन रेषांमधल्या वाटेने पेन्सिल न लागता नेणं. सगळ्याचे मिळून गुण +६ ते -१८ पर्यंत जातात आणि साधारण -४ च्या खाली गेलं की निकाल बिघडलेला मानतात. जगभर या टेस्टला मान आहे, पण ज्याने पेन्सिल कधी धरलीच नाही त्याचं काय?

हा प्रश्न भारतात लगेच समोर येणार होताच. १९९५ मध्ये भारतीय डॉक्टरांनी आकड्यांच्या जागी चित्रं घातली आणि 'फिगर कनेक्शन टेस्ट' तयार केली. आकडे वाचता न येणाऱ्या माणसालाही चित्राला चित्र जोडता येतं. मुद्दा छोटा वाटतो, पण शाळा न पाहिलेल्या शेतकऱ्याचा निकाल त्याच्या लिव्हरमुळे खराब आला की निरक्षरतेमुळे, हे वेगळं करता येत नसेल तर टेस्टचा उपयोग काय?

सगळ्यात साध्या टेस्टला मात्र कागदही लागत नाही. एका मिनिटात जितकी येतील तितकी प्राण्यांची नावं सांगा. बस्स. इटलीतल्या डॉक्टरांनी २०१७ मध्ये ही टेस्ट सिरॉसिसच्या पेशंटसाठी मांडली. वय आणि शिक्षण यांचा हिशोब धरून १५ किंवा जास्त नावं आली तर ठीक, १० च्या खाली गेली तर काळजीचं, मधलं सगळं सीमारेषेवर. युरोपियन लिव्हर संघटनेच्या २०२२ च्या सूचनांमध्येही वेळ आणि साधनं नसतील तिथे ही टेस्ट वापरा असं म्हटलंय. भाषेचा अडसर नाही. गाय, म्हैस, बैल, शेळी म्हटलं तरी चालतं.

आता हे वाचून अनेक जण स्टॉपवॉच लावून घरच्यांना बसवणार, हे उघड आहे. बसवा, पण निष्कर्ष काढू नका. या टेस्ट सिरॉसिसचं निदान आधीच झालेल्या पेशंटसाठी आहेत. झोप नीट झालेली नाही, डिप्रेशन आहे, ऐकू कमी येतंय, कुणी समोर घड्याळ धरून बसलंय म्हणून घाबरायला झालंय, यातल्या कशानेही आकडा घसरतो. रंगांधळ्या माणसाला रंगांची टेस्ट लागूच पडत नाही. आणि तीच टेस्ट चार वेळा दिली की सरावानेच वेळ सुधारतो.

एवढ्या बारीक बिघाडाने फरक काय पडतो?

खुर्चीत बसून टीव्ही बघणाऱ्या माणसाला कदाचित फारसा नाही. स्टीअरिंगमागे बसलेल्याला पडतो.

लक्ष, वेग आणि नको त्या गोष्टीला आवरणं, गाडी चालवायला नेमकं हेच लागतं. जर्मनीत १९८० च्या दशकापासून यावर अभ्यास होत आलेत. अमेरिकेत ड्रायव्हिंग सिम्युलेटरवर असे पेशंट बसवले तेव्हा ते जास्त वेळा धडकले आणि नकाशा हातात असून चुकीच्या ठिकाणी वळले. आणखी अवघड बाब म्हणजे त्यांना स्वतःला आपण उत्तम गाडी चालवतो असंच वाटत होतं. स्वतःची चूक ओळखायलाही तेच लक्ष लागतं. म्हणून 'तुम्हाला काही त्रास होतो का' हे एकट्या पेशंटला विचारून भागत नाही, सोबत आलेल्या बायकोला किंवा मुलालाही विचारावं लागतं.

भारतात लायसन्ससाठी भरायच्या फॉर्म १ मध्ये फिट येते का, चक्कर येते का, नजर कशी आहे असे प्रश्न असतात. शेवटी 'गाडी चालवणं धोक्याचं ठरेल असा इतर आजार' असा एक सर्वसाधारण प्रश्नही असतो. पण ज्याला स्वतःला काहीच वाटत नाही, तो तिथे 'नाही' असंच लिहिणार, आणि ते त्याच्या मते खरंच असणार. ज्याचं घर रिक्षा किंवा ट्रकवर चालतं त्याला 'गाडी चालवू नका' सांगणं म्हणजे उद्याची कमाई काढून घेणं. त्यामुळे डॉक्टरही हा विषय काढताना दहा वेळा विचार करतात. एका टेस्टच्या आकड्यावर कुणाचं लायसन्स काढून घ्यावं असं कुठलीही वैद्यकीय संघटना म्हणत नाही.

उपाय आहे का?

आहे, आणि तो फार महाग नाही. लॅक्टुलोज नावाचं गोड सिरप. मेडिकलवाला त्याला 'पोट साफ व्हायचं औषध' म्हणून देतो, म्हणून घरात त्याची किंमत कुणाला कळत नाही. ते आतड्यातलं वातावरण आम्लधर्मी करतं, अमोनिया रक्तात जाण्याऐवजी शौचावाटे बाहेर पडतो. चंदीगडच्या पीजीआयमधल्या डॉक्टरांनी २००७ मध्ये दाखवलं की झाकलेल्या टप्प्यातल्या पेशंटना तीन महिने लॅक्टुलोज दिल्यावर मानसिक टेस्टचे निकाल सुधारले आणि रोजचं जगणंही सुधारलं. २०११ मध्ये लुधियानाच्या डॉक्टरांनी रिफॅक्सिमिन या आतड्यातच काम करणाऱ्या अँटिबायोटिकबद्दल तसाच निष्कर्ष काढला. या विषयात भारतातल्या हॉस्पिटलांचं काम जगभर वाचलं जातं, हे इथे फारसं कुणाला ठाऊक नसतं.

अडचण अशी की लॅक्टुलोजने पोट फुगतं, जुलाब होतात. पेशंट दोन आठवड्यांत कंटाळून बंद करतो. किंवा उलट, जास्त घेतो, अंगातलं पाणी कमी होतं आणि गोंधळ आणखी वाढतो. डोस डॉक्टरांनी ठरवायचा तो यासाठी.

घरोघरी होणाऱ्या दोन चुका यापेक्षा मोठ्या आहेत. पहिली जेवणातली. 'लिव्हर खराब आहे, प्रोटीन बंद' असं ऐकून डाळ, अंडी, दूध, पनीर सगळं थांबवलं जातं. पूर्वी डॉक्टरही तसंच सांगायचे. पण स्नायूही रक्तातला अमोनिया काढून घेतात. प्रोटीन तोडलं की स्नायू झिजतात आणि अमोनियाला आवरणारा तो दुसरा आधारही जातो. आता सिरॉसिसच्या पेशंटला दर किलो वजनामागे रोज साधारण १.२ ते १.५ ग्रॅम प्रोटीन द्या असं सांगितलं जातं. शिवाय रात्रभर पोट रिकामं राहू नये म्हणून झोपण्याआधी थोडं खायला द्यायचं. वनस्पतीतलं आणि दुधाचं प्रोटीन जास्त सोसतं, म्हणजे वरण-भात आणि दही यांच्यात घाबरण्यासारखं काही नाही.

दुसरी चूक झोपेच्या गोळीची. दिवसा झोप आणि रात्री जाग हे याच आजाराचं लक्षण असू शकतं. घरचे वैतागून झोपेची गोळी मागतात, लिव्हरची माहिती नसलेला डॉक्टर लिहून देतो. बिघडलेलं लिव्हर ती गोळी लवकर बाहेर टाकू शकत नाही आणि झाकलेला आजार एका रात्रीत उघडा पडतो. बद्धकोष्ठता, इन्फेक्शन, पोटातला रक्तस्राव, रक्तातलं सोडियम कमी होणं, यांनीही तसंच होतं.

मग सगळ्यांची टेस्ट का होत नाही?

सरकारी ओपीडीत एका पेशंटला किती मिनिटं मिळतात हे वेगळं सांगायला नको. टेस्ट घ्यायला कुणीतरी शिकलेला माणूस लागतो. मराठी बोलणाऱ्या, कमी शिकलेल्या, साठीपुढच्या पेशंटसाठी नॉर्मल आकडा कोणता, हे आधी ठरावं लागतं. काही डॉक्टरांचा आक्षेप याहून मूलभूत आहे. टेस्ट बिघडलेली आली आणि औषध दिलं तर टेस्ट सुधारते हे मान्य, पण माणूस जास्त जगतो का, याचं उत्तर तितकं पक्कं नाही. आक्षेप खरा आहे. पण पगाराचा हिशोब जमणं आणि रस्त्यावर कुणाला धडक न बसणं, यांनाही किंमत आहे.

आता त्या स्कोअरकडे. अमेरिकेतल्या अभ्यासात वापरलेल्या या स्कोअरचं नाव 'फिब-४'. वयाला एएसटीने गुणायचं आणि त्या गुणाकाराला प्लेटलेट (हजारांत) गुणिले एएलटीचं वर्गमूळ याने भागायचं. चारही गोष्टी साध्या रिपोर्टमध्ये मिळतात. समजा वय ६८, एएसटी ६०, एएलटी ४९, प्लेटलेट १ लाख १० हजार. उत्तर येतं ५.३. अभ्यासातली रेषा होती २.६७, म्हणजे हा माणूस तिच्या बराच वर आहे. आता ७५ वर्षांचा दुसरा माणूस घ्या. एएसटी ३०, एएलटी २५, प्लेटलेट २ लाख, सगळं नॉर्मल. तरीही स्कोअर येतो २.२५, केवळ वयामुळे. पासष्टीनंतर १.३ ऐवजी २ पासून पुढे संशय घ्यायचा तो म्हणूनच, आणि तरीही हा माणूस त्यात अडकतोच. त्यामुळे स्कोअर वाढलेला दिसला की पुढची पायरी सोनोग्राफी किंवा फायब्रोस्कॅनची. लिव्हर किती कडक झालंय हे तिथे कळतं. लक्षाची टेस्ट आणि लॅक्टुलोजचा विचार त्यानंतर होतो. त्यासाठी न्यूरोलॉजिस्टकडे जाताना मेंदूच्या एमआरआयसोबत घरातल्या फाईलमधले जुने सीबीसी आणि एलएफटीचे रिपोर्टही न्यावे लागतात.